मण्यांचा गोफ करायला बसण्याआधी

मोबाइलवर मण्यांचे गोफ विणण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दोन मिनिटांत गुळगुळीत, गोल गोफ तयार होतो. पाहणारीला वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल. जमेलच. रुखवतासाठी मण्यांची पर्स केलेल्या, दाराला मण्यांचं तोरण लावलेल्या बाया आपल्याकडे गावोगाव आहेत. हात तयार आहे.

पण आपल्या महागावहून पुसदला किंवा नांदेडला जाऊन किलोभर मणी आणण्याआधी जरा थांबा. गोफाच्या विणी पाच-सात तरी आहेत. सगळ्याच छान दिसतात. म्हणून दिसण्यावर निवड करू नका. एकच गोष्ट विचारा. हा गोफ गळ्यात असताना दोरा तुटला, तर पुढे काय?

एखाद्या विणीत तीन मणी पडतात आणि बाकीचा गोफ शाबूत राहतो. एखादीत दुरुस्तीला जागाच उरत नाही. घेणारी बाई पुन्हा तुमच्याकडे येणार की चार जणींना सांगत सुटणार, हे तिथे ठरतं.

आधी मणी आणि दोरा बघू. निम्मी फजिती तिथेच टळते.

काचमणी नंबरावर मिळतात. नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा असतो. ८ नंबरचा ३ मिलिमीटरचा, ६ नंबरचा ४. १५ नंबरचा दीड मिलिमीटरचा. त्याच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. शिकायला ८ नंबर घ्या. हात बसला की ११.

मियुकी आणि तोहो या जपानी मण्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. दोन्ही कारखाने जपानच्या हिरोशिमा प्रांतातले. मणी एकसारखे निघतात, म्हणून गोफ सफाईदार होतो. पण ते महाग पडतात. शिकताना त्यांची गरज नाही. साधे मणी घ्या आणि तांदूळ निवडावेत तसे ताटात पसरून निवडा. चपटे, तिरक्या भोकाचे, जास्तीचे जाड मणी बाजूला काढा. शेकड्यामागे किती बाद झाले ते लिहून ठेवा. स्वस्त पाकीट खरंच किती स्वस्त पडलं, ते तेव्हाच कळतं.

कटदाणा मात्र गोफात घालू नका. म्हणजे ती लांबट नळी. तिच्या कडा धारदार असतात आणि हळूहळू दोरा कापतात. घालायचाच असेल तर दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी ठेवा, म्हणजे दोरा धारेवर घासणार नाही.

रंगाची परीक्षा घरीच करा. ओल्या पांढऱ्या चिंधीवर दहा मणी चोळा. मग दहा मणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. आणखी दहा खिडकीत उन्हात, अर्धे कागदाखाली आणि अर्धे उघडे, आठवडाभर ठेवा. आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. गळ्यावर घाम असतो. वरून ऊन. नुसता रंग फासलेला मणी त्यात टिकत नाही. पांढऱ्या ब्लाऊजवर गुलाबी डाग पडला, की गोफाचे पैसे राहिले बाजूला, ब्लाऊजचे मागतील.

आता दोरा. तोरणाला आपण तंगूस वापरतो. तोरणाला तो ठीक. गळ्यात नको. तो ताठ असतो, त्याची गाठ निसटते, आणि उन्हाने तो कडक होऊन तडकतो. साधा सुती दोराही नको, घामाने कुजतो. मणीकामासाठी मिळणारा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा घ्या. मासे धरायला विणलेली बारीक दोरी मिळते, तीही चांगली. तिच्यात सरळ तंगूस नसतो, बारीक तंतू विणलेले असतात. घेताना हातभर दोरा ओढून बघा. ताणून तसाच लांब राहिला तर तो गोफही लांबवणार.

दोरा मेणावरून एकदा ओढा. गुंता कमी होतो. आणि एका वेळी वावभरच दोरा घ्या. लांब दोरा घेतला की वारंवार जोडावा लागणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ गाठी सोडवण्यात जातो.

ज्या बाया कापूस वेचायला जातात, त्यांनी एक लक्षात ठेवा. बोंडाच्या काट्यांनी बोटं चिरलेली असतात. बारीक दोरा त्या चिरांत अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. वेचणीच्या दिवसांत बसायचंच असेल तर आधी बोटांना खोबरेल लावा, अर्ध्या तासाने नीट पुसा, मग सुई धरा.

आता विणी.

पहिली करा ती पिळाची. शिकवणाऱ्या तिला स्पायरल म्हणतात. दोन रंगांचे मणी घ्या. चार काळे आणि तीन लाल ओवा. वीतभर दोरा मागे सोडा. सुई खालून पुन्हा त्याच चार काळ्यांतून वर काढा. लाल मण्यांची एक कमान बाजूला उभी राहील. ती डावीकडे सरकवा.

आता एक काळा आणि तीन लाल ओवा. मणी खाली सरकवा. आधीच्या काळ्यांतला सगळ्यात खालचा सोडा. वरच्या तीन काळ्यांतून आणि या नव्या काळ्यातून सुई वर न्या. नवी कमान पुन्हा डावीकडेच, जुनीच्या शेजारी. शेवटपर्यंत एवढंच करायचं. चार-पाच वेळा केलं की लाल कमानी काळ्या कण्याभोवती आपोआप वळायला लागतात.

कमान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकली की पीळ बिघडतो. नवशिक्या बायकांचा गोफ बिघडतो तो बहुतेक याच कारणाने. बाकी यात चुकायला फारसं काही नाही.

ही वीण मी पहिली सांगते, कारण तुटल्यावर ती सावरून घेते. मधल्या प्रत्येक काळ्या मण्यातून दोरा चार-पाच वेळा गेलेला असतो. कमानीतून मात्र एकदाच. कानातलं अडकलं, लेकराने ओढलं, तर एक कमान तुटते. तीन लाल मणी पडतात. कणा तसाच राहतो. संध्याकाळी घरी बसून नवा दोरा कण्यातून घाला, तीन लाल ओवा, झालं. एवढे पदर मावायला हवेत, म्हणून काळ्या मण्याचं भोक मोठं बघून घ्या. भोकात सुई अडकली तर जोर लावू नका, मणी फुटतो. पक्कडीने तर मुळीच ओढू नका.

मण्यांचा हिशेबही सोपा. ११ नंबरचे मणी ओळीत ओवले तर इंचाला १८ च्या आसपास बसतात. कण्याच्या प्रत्येक मण्यामागे तीन लाल. म्हणजे इंचाला ७२. गळ्यालगतचा गोफ १८ इंचांचा धरला तर तेराशेच्या आसपास मणी लागतात. या मापाचे मणी ग्रॅमला शंभरेक भरतात. म्हणजे एका गोफाला १३ ग्रॅम, फेकण्यात जाणारे धरून १५. पहिल्याच फेरीत किलो घेऊ नका, असं का म्हटलं ते आता लक्षात आलं असेल.

दुसरी वीण तुम्हाला बहुतेक येते. तोरण करताना तंगुसाची दोन टोकं एकाच मण्यातून समोरासमोरून काढता ना, तीच. चार मण्यांची चौकडी, पुढच्या चौकडीला आधीचा एक मणी सामाईक. त्याच चौकड्या गोल जोडत नेल्या की नळी होते. आणि चौकड्यांचा ठोकळा केला, फाशासारखा सहा बाजूंचा, तर चौकोनी गोफ होतो. पहिल्या ठोकळ्याला १२ मणी लागतात. पुढच्या प्रत्येक ठोकळ्याला ८, कारण चार आधीचेच असतात.

ठोकळ्याचा गोफ या सगळ्यांत मजबूत. दोरा एका मण्यातून पुन्हा पुन्हा फिरतो. एक पदर तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. जड पदक अडकवायचं असेल तर हाच करा. पण तो वेळ खातो, आणि दोराही. आठवड्याच्या बाजारात बसून त्याची मजुरी निघणं कठीण. कुणी मागणी नोंदवली, अर्धे पैसे हातात दिले, तरच बसा.

पेयोट नावाची वीण फोनवर सगळ्यात जास्त दिसते. एक मणी ओवा, एक सोडा, पुढच्यातून जा. सुरुवातीला मण्यांचं कडं बांधायचं. आत आधाराला पेनाची रिकामी रिफिल ठेवा. सहासारखा सम आकडा घेतला तर प्रत्येक फेरीच्या शेवटी सुई एकाऐवजी दोन मण्यांतून काढून वरच्या पायरीवर यावं लागतं. ते विसरलात की पुढची सगळी फेरी फसते. पाच किंवा सात घेतले तर ही पायरीच नाही, वीण आपोआप चढत जाते. म्हणून नवशिक्या बाईने विषम आकड्याने सुरुवात करावी. आडवे पट्टे हवे असतील तर मात्र समच लागतो.

या विणीत नक्षी सुरेख उठते. पण मणी एकसारखे नसतील तर नळी वेडीवाकडी होते. स्वस्त मण्यांत ती करू नये, असं माझं मत आहे. आणि दोरा फार आवळला तर गोफ ताठ होतो, मानेवर वळतच नाही, मोडल्यासारखा कोन काढतो. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदाच गेलेला असतो. एक जागा तुटली की भोक पडतं आणि शेजारचे मणी सैल व्हायला लागतात. घेणारीला आधीच सांगून ठेवा: एक मणी जरी पडला तरी गोफ काढून ठेवा, घेऊन या. घालून फिरलात तर वाढत जाईल.

हेरिंगबोन ही जोडीची वीण. मणी दोन-दोनने बसतात. दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले बायकांच्या नावाने ती ओळखली जाते. हाताला मऊ लागते, अंगावर छान पडते. दोष एकच, वजनाने लांबते. गळ्यालगत केलेला गोफ महिन्याभरात खाली आलेला दिसेल. पदक लावायचं नसेल तर खुशाल करा.

जाळीची वीण भराभर होते, मणी थोडे लागतात. म्हणून स्वस्तात द्यायला सोयीची वाटते. पण तिची भोकं मोठी असतात. साडीचा काठ, केस, मंगळसूत्राचा आकडा, सगळं तिच्यात अडकतं. आत सुती दोरी भरली तर आकार राहतो, पण ती दोरी घाम पिते. मी ही रोजच्या वापराला सुचवणार नाही. लग्नात एक दिवस मिरवायला ठीक.

क्रोशाचा गोफ वेगळाच प्रकार आहे. सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे, मग आकड्याने एकेक मणी गोलात गुंफत जायचं. ज्यांना क्रोशा येतो त्यांचा हात झपाझप चालतो. ज्यांना येत नाही त्यांना पहिल्या तीन फेऱ्या रडवतात. गोफ मऊ, भरीव, फार देखणा होतो. पण मणी ओवतानाच रंगांचा क्रम नीट लावावा लागतो. एक मणी जास्त आला तर पक्कडीने फोडता येतो. डोळ्यांवर चष्मा हवा आणि लेकरं लांब हवीत, काच उडते. एक कमी आला तर तिथवर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मधेच दोरा तुटला तर साधी सुई घालून तो पूर्ववत होत नाही. म्हणून याला मजबूत दोरा घ्या, त्यात काटकसर करू नका.

चाळिशी लागलेल्या बायांनी आणखी एक करून बघावं. जपान्यांची गोफ वळायची पद्धत आहे, कुमिहिमो. गोल जाड पुठ्ठ्याच्या कडेला खाचा पाडायच्या, तयार मिळतो त्याला ३२ असतात. आठ दोऱ्यांत मणी ओवून ठेवायचे आणि दोरे एकेक करून समोरच्या खाचेत बदलत जायचं. मणी एकदा ओवले की पुढे सुई नाही, बारीक भोक शोधणं नाही. ओवायचं काम तरण्या डोळ्यांच्या सुनेला द्या.

कोणती वीण ठरवायची, यासाठी एक दुपार मोडा. एकाच पाकिटातले मणी, एकच दोरा. दोन-तीन विणींचे वीत-वीतभर तुकडे करा. घड्याळ समोर ठेवून प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहा. किती मणी गेले तेही लिहा. मग तुकडे खिळ्याला टांगा आणि खाली एकेक लहान कुलूप अडकवा. रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मोजा. किती लांबला ते दिसेल. त्यानंतर एका तुकड्यातला दोरा कात्रीने मधोमध एका जागी कापा, आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढा. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात काय होणार, ते तुमच्या ताटात आधी होऊ द्या.

बाया इथे हळहळतात, केलेला तुकडा कापवत नाही. कापा.

सोन्याबद्दल वेगळं सांगते. काळ्या मण्यांचा गोफ करून त्यात मंगळसूत्राच्या वाट्या ओवायची हौस बऱ्याच जणींना असते. नुसत्या विणीच्या भरवशावर सोनं सोडू नका. कितीही चांगला गोफ असला तरी तो दोराच आहे, आणि दोरा झिजतो. वाट्यांसाठी आतून वेगळी मजबूत तार किंवा दुसरा पदर घ्या, आणि तो दोन्ही टोकांच्या कड्यांना थेट बांधा. गोफ तुटला तरी वाट्या त्या पदरात राहतील. शेतात निंदताना पडलेली वाटी सापडत नाही.

आता याच्या उलट गोष्ट. फार मजबूत गोफही घातक. मळणीयंत्र, पिठाची गिरणी, मोटारीचा पट्टा, यांच्याजवळ काम करणारीच्या गळ्यात लांब गोफ नको. साधी पोत अडकली तर निदान तुटते. चिवट दोरीचा गोफ तुटत नाही, माणूस ओढला जातो. म्हणून लांब गोफाला आकडा असा घ्या, की झटका बसला तर उघडेल. आणि विकताना सांगा, कामाच्या वेळी काढून ठेवा.

लहान लेकराला गोफ घालू नका. झोपताना तर नाहीच. घरात मणी सांडले तर झाडून गप्प बसू नका. पोरं मणी नाकात घालतात, कानात घालतात. तसं झालं तर पिनेने, चिमट्याने काढायला जाऊ नका. मणी आणखी आत जातो. दवाखान्यात न्या. काम करताना खाली ओला टॉवेल अंथरा, मणी उड्या मारत नाहीत आणि वेचायलाही सोपे जातात.

टोकाच्या कड्या आणि आकडे स्वस्तातले घेतले तर काही जणींच्या मानेवर पुरळ उठतं, खाज येते. तो दोष मण्यांचा नसतो, आकड्यातल्या निकेलचा असतो. त्या बाईला पुढच्या वेळी मण्यांचंच बटण आणि दोऱ्याचा फासा करून द्या. धातू नकोच.

शेवटची गाठ एकच मारून दोरा कापू नका. सुई मागे विणीत वळवा, चार मण्यांतून काढा, अर्धी गाठ मारा, पुन्हा चार मण्यांतून काढा, आणखी एक गाठ. मग कापा. झटपट चिकटणारा गोंद लावला तर दोरा काचेसारखा कडक होतो आणि नेमका तिथेच तुटतो. लावायचंच असेल तर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब पुरे.

बसायला दिवसाचा उजेड धरा, खिडकीजवळ, उजेड डावीकडून. अर्धा-पाऊण तास झाला की उठा, लांब बघा, मान फिरवा. रात्री वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात ११ नंबरचे मणी ओवू नका. त्या कमाईतून चष्म्याचा खर्चही निघत नाही.

किंमत ठरवताना मजुरी आधी धरा. मण्यांचे पैसे, दोरा, आकडा, मोडतोड, आणि तुमचे तास. शेतात तेवढ्या तासांचे काय मिळाले असते, तेवढे तरी धरा. बहुतेक बाया मणी-दोऱ्याचा खर्च सांगतात आणि वर चहापाण्याइतकं लावतात. मग चार गोफ विकून हात रिकामाच. वीतभर तुकड्याचा वेळ तुम्ही लिहिला आहे ना? १८ इंचांना तो दुप्पट करा, थोडा जास्तच धरा. पिळाचा गोफ आणि ठोकळ्याचा गोफ यांची किंमत सारखी असूच शकत नाही, हे मग तुम्हालाच पटेल.

विकायला आपल्याला जागा आहेत. माहूरगडाला नवरात्रात आणि दत्तजयंतीला गर्दी असते. रेणुकेच्या भक्तांना कवड्यांची माळ लागते; काळ्या-लाल गोफाला मधे एक कवडी लावून बघा. पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. नागपूरला इतवारीत, मुंबईला भुलेश्वरात ठोक माल मिळतो, पण तिथे विकायला जाऊ नका. घाऊक दुकानदार तुमच्या हातकामाला साच्यातल्या मालाचा भाव देईल. मणी आणायला मात्र चार-पाच जणींनी मिळून जा, किंवा बचत गटातर्फे एकदम घ्या. एकाच पाकिटातला रंग सगळ्यांना पुरतो. पुढच्या खेपेला तोच लाल मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून दुरुस्तीसाठी प्रत्येक रंगाची एक चिमूट पुडीत बांधून, नाव लिहून ठेवा.

बंजारा तांड्यावरच्या बायांना हे वेगळं शिकवायला नको. फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, कवड्या, आरसे, मणी बसवणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्याकडून टाके शिकून घ्या, आणि शिकवल्याचे पैसे द्या. कर्नाटकात संडूरच्या लमाणी बायांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली, तेव्हा त्यांच्या कामाचं भलंमोठं प्रदर्शन तिथे मांडलं होतं. म्हणजे या हाताची किंमत बाहेर माहीत आहे. दारावर येणारा माणूस आजीची जुनी कांचळी, जुना हार चार-पाचशेत मागत असेल तर देऊ नका. तो पुढे काय भावाने विकतो ते तुम्हाला सांगायचा नाही. आणि तुम्हीही नवा गोफ ‘जुना बंजारा दागिना’ म्हणून विकू नका.

आता शेवटचं, पण यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

‘घरबसल्या मणी ओवा, महिन्याला इतके हजार कमवा’ अशी जाहिरात फोनवर येते. आधी नोंदणीचे पैसे, मग कच्च्या मालाची अनामत. मणी येतात, कधी तेही येत नाहीत. तुम्ही रात्रंदिवस बसून माल करता. मग उत्तर येतं, माल नापास, मापात नाही, अनामत जप्त. फोन बंद.

काम देणारा खरा असेल तर तो कामाचे पैसे देतो, घेत नाही. ही एक खूण धरून ठेवा. त्याचा पत्ता विचारा. एक तुकडा नमुना मोफत करून देते म्हणा. आधी काम केलेल्या बाईला प्रत्यक्ष भेटायचं म्हणा. यांतल्या एकालाही तो टाळाटाळ करत असेल तर फोन ठेवा. ओटीपी सांगू नका, कुणी पाठवलेला कोड स्कॅन करू नका. पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. हे दोन्ही पैसे देतानाच लागतं.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा. संदेश, पावत्या, समोरच्याचा नंबर, काही पुसू नका. घरच्यांना सांगा, नवऱ्यालाही. रागावतील, पण दुसऱ्यांदा पैसे भरण्यापासून वाचवतील.

कधी कधी पुढे वकिलाच्या नावाने नोटीस येते. काम वेळेत दिलं नाही, दंड भरा, नाहीतर केस करू. घाबरून एक रुपयाही भरू नका. ती नोटीस, मण्यांची पिशवी आहे तशी, आणि सोबत शिकलेली एक पोरगी घेऊन महागावच्या पोलीस ठाण्यात जा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.